बाल्कनीवाली केबिन आईंना दे

"ताई, आम्ही पहिल्यांदाच क्रूझला चाललोय, सात रात्रींची आहे. मोठी चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. अनुभव कोणालाच नाही त्यामुळे डोकं भणभणलंय. धाकट्याला पूलमध्ये घेतात का? मुलांना बोट लागली तर? बाल्कनीचं दार त्यांनी उघडलं तर? किड्स क्लबमध्ये दोघं रमतील का? दोन केबिन घेतल्यात, बाल्कनीवाली आमची आणि आतली सासूबाई आणि मुलांची. त्या नुकत्याच रिटायर झाल्या, ट्रिप तशी त्यांच्यासाठीच आहे, सरप्राइज म्हणून अजून सांगितलं नाहीये. त्यांना गाडी लागते पण जहाज मोठं आहे. एका पोर्टला आम्ही दोघं स्नॉर्कलिंगला जाणार, बाहेरच्या कंपनीकडून स्वस्त पडतंय. अजून काय काळजी घेऊ?"

अगं, चार प्रश्न विचारलेस आणि चारही मुलांबद्दल. जिच्यासाठी ही ट्रिप आहे म्हणतेस त्या बाईबद्दल एकही नाही. त्यांच्याबद्दल जे लिहिलंयस ते नुसतं सलग वाचून बघ. आई रिटायर झाल्या. त्यांना काही सांगितलेलं नाही. त्यांना खिडकी नसलेली केबिन, सोबत दोन लहान मुलं, सात रात्री. आणि त्यांना गाडी लागते. मला हे वाचून राग आला आणि तो मी लपवत नाहीये, कारण इतकी वर्षं नोकरी करून मोकळ्या झालेल्या बाईला तू गिफ्ट म्हणून पाळणाघर देतेयस.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते, पण प्रत्येक उत्तर कोणाच्या अंगावर येऊन पडतं तेही बघत जा. डायपरमधल्या बाळाला बहुतेक जहाजांवर पूलमध्ये घेत नाहीत, स्विम डायपर घातला तरी नाही. काही जहाजांवर बाळांसाठी वेगळी पाणी खेळायची जागा असते, ती तुमच्या जहाजावर आहे का ते आधी विचार. नसेल तर बाकीचे पाण्यात असताना कोणीतरी धाकट्याला घेऊन सावलीत बसणार, आणि ते कोणी हे तुझ्या मनात आधीच ठरलंय. किड्स क्लबमध्ये साधारण तीन वर्षं पूर्ण झालेली आणि डायपर सुटलेली मुलंच घेतात, म्हणजे मोठी जाईल आणि मजेत रमेल, धाकटा नाही. त्याच्या वयाची नर्सरी काही जहाजांवर असते, तासावर पैसे घेतात आणि जागा पटकन भरतात. ती मिळाली नाही तर दुपारी तो आतल्या केबिनमध्ये झोपणार आणि आई अंधारात त्याच्याजवळ बसून राहणार. समुद्रावर आलेली बाई समुद्र न बघता!

बोट लागायचं म्हणशील तर दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही. त्रास जास्त होतो तो दोन ते बारा वयात, म्हणून मोठीसाठी डॉक्टरांना विचारून औषध जवळ ठेव. पण ज्यांना लागण्याची खरी भीती आहे त्या आई आहेत! जहाज मोठं असलं, त्याला डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर असले तरी हवा बिघडली की मोठं जहाजही हलतं, आणि अशा वेळी लांब क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं, जे खिडकी नसलेल्या केबिनमधून दिसत नाही. सगळ्यात कमी हलतात त्या जहाजाच्या मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यांवरच्या केबिन. गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तर जास्त उपयोग होतो, काही गोळ्यांनी झोप येते, आणि त्यांच्या नेहमीच्या औषधांबरोबर कुठली चालेल हे डॉक्टरच सांगणार. हे सगळं त्यांना काहीच माहीत नसताना कसं होणार गं? इन्शुरन्स काढताना जुने आजार सांगावे लागतात, ते कोण सांगणार?

आणि ते स्नॉर्कलिंग कॅन्सल कर. बाहेरच्या कंपनीबरोबर गेलात आणि यायला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही, निघायच्या अर्धा-एक तास आधीच सगळ्यांना वर बोलावतात, आणि जहाज चुकलं तर पुढच्या पोर्टपर्यंत स्वतःच्या खर्चाने जावं लागतं. त्या वेळी जहाजावर कोण असेल? आयुष्यात पहिल्यांदा क्रूझवर आलेली एक बाई आणि रडणारी दोन मुलं. जायचंच असेल तर जहाजाची स्वतःची टूर घ्या आणि एकाने जा, दुसऱ्याने मुलांजवळ थांबा.

आता एकच काम कर, केबिनची अदलाबदल. बाल्कनी आईंना, एकटीला. तुम्ही चौघं आतल्या केबिनमध्ये. तुझा बाल्कनीच्या दाराचा प्रश्न तिथेच संपतो कारण मुलांच्या केबिनला बाल्कनीच नसेल, आणि अंधारात लहान मुलं दुपारीसुद्धा छान झोपतात. हे जहाजावर गेल्यावर चाव्या बदलून करू नकोस, बुकिंगमध्येच नावं बदलून घे. प्रत्येक केबिनमध्ये किती माणसं राहू शकतात ते ठरलेलं असतं आणि त्यात बाळही मोजतात, शिवाय संकटाच्या वेळी कुठे जमायचं ती जागा साधारण केबिनप्रमाणे ठरते. त्याच फोनवर बाळाचा कॉट सांगून ठेव आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट मिळतील ना ते विचार. चौघं मावत नसाल तर मोठी केबिन घ्या, पैसे पुरत नसतील तर सातच्या चार रात्री करा, पहिल्या वेळेला तेवढ्या भरपूर होतात. पण मुलं आईंच्या केबिनमध्ये नकोत.

बाकी काळजी म्हणशील तर बॅगा केबिनपर्यंत यायला कधीकधी तासन्‌तास लागतात, म्हणून पहिल्या दिवसाचे डायपर, औषधं, पोहायचे कपडे हातातल्या पिशवीत घे. आणि खाण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धू, जहाजावर नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा विषाणू, पसरतो आणि त्याला सॅनिटायझर पुरत नाही.

तू दमलीयेस हे कळतंय मला. दीड वर्षाचं पोर घेऊन फिरणं सोपं नाही आणि नवऱ्याबरोबर एक निवांत संध्याकाळ हवीशी वाटणं यात काही गैर नाही. ती संध्याकाळ आईंकडे सरळ माग. हो म्हणाल्या तर खुशाल जा, नाही म्हणाल्या तर लवकरचं जेवण घ्या आणि शो आलटून पालटून बघा, एक दिवस तू, एक दिवस तो. आणि हे नवऱ्यालाही वाचायला दे, आई त्याचीच आहे.

सरप्राइज आजच मोड. जहाजाचा नकाशा उघडून आईंजवळ बस, कुठल्या पोर्टला उतरायचंय, काय बघायचंय ते त्यांना विचार आणि लिहून घे. त्या लगेच म्हणतील, मला कशाला बाल्कनी, मुलांना मी बघते ना. म्हणू देत. तू बुकिंगवाल्यांना फोन लाव आणि नावं बदलूनच फोन ठेव.