'क्रांतिकारक'चं स्त्रीलिंग काय?

प्रश्न असा आलाय की मुलीला शाळेसाठी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बंगालच्या प्रीतिलता वद्देदारवर दहा ओळी लिहायच्यात, तर क्रांतिकारक लिहायचं, क्रांतिकारिका, क्रांतिकारिणी की सरळ वीरांगना?

क्रांतिकारक लिहा. आता का ते सांगतो.

लेखक-लेखिका, गायक-गायिका या चालीवर क्रांतिकारिका नियमाने अगदी बरोबर आहे, पण ज्याने थोडंफार संस्कृत केलंय त्याला कारिका (म्हणजे शास्त्रातला श्लोक) म्हटलं की सांख्य तत्त्वज्ञानाचा ग्रंथ सांख्यकारिका आठवणार, आणि बोलताना तर हा शब्द कुणाच्या तोंडी नसतोच. क्रांतिकारिणी हे क्रांतिकारीचं रूप, तेही व्याकरणात बसतं, पण माणसाबद्दल बोलताना मराठीत आपण क्रांतिकारकच म्हणतो, मग दुसऱ्याच शब्दाचं स्त्रीलिंग कशाला उचलून आणायचं (आणि मला तर ते ऐकलं की सोसायटीची कार्यकारिणी आठवते).

मुळात गरजच काय, मराठीत क्रियापद सांगतंच ना. "प्रीतिलता क्रांतिकारक होती", झालं काम. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही, बिप्लबी (म्हणजे क्रांतिकारक) म्हटलं की बाई की पुरुष ते नावावरून समजायचं, तरी त्यांचं काही अडत नाही. आणि १९३२ च्या सप्टेंबरात चितगावजवळ पहाडतलीच्या युरोपियन क्लबवर हल्ला झाला तेव्हा त्या तुकडीची पुढारी ही २१ वर्षांची शाळामास्तरीण होती, तीही पुरुषवेषात, पकडलं जाऊ नये म्हणून तिने शेवटी सायनाइड घेतलं.

वीरांगना मला अजिबात आवडत नाही. एक तर अंगना म्हणजे सुंदर अंगाची स्त्री, म्हणजे पिस्तूल चालवणाऱ्या बाईचं कौतुक करतानाही नजर कुठे गेली बघा, आणि दुसरं म्हणजे एक वेलांटी हुकून काना पडला की वारांगना होतं, प्रूफ तपासणाऱ्यांना विचारा.

नात्याच्या शब्दांचं मात्र अवघड आहे. दुर्गावती देवी आपल्याला माहीत आहेत त्या दुर्गाभाभी म्हणून, कारण त्या भगवतीचरण व्होरांच्या पत्नी. सॉन्डर्सला मारल्यावर लाहोरातून भगतसिंगांना बाहेर काढलं ते त्यांनीच, पत्नी बनून, स्वतःचं पोर घेऊन, आणि आपले राजगुरू नोकर बनून सोबत. ही गोष्ट सगळे सांगतात कारण ती भाभी या शब्दात मावते. ऑक्टोबर १९३० मध्ये मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका पोलीस सार्जंटवर गोळ्या झाडल्या गेल्या त्यातही त्या होत्या, तेव्हा नवरा जाऊन चारपाच महिने झाले होते, हे मात्र मुंबईतल्याच किती जणांना माहीत असतं! भाभी म्हणू नका असं नाही, सोबतचे लोक म्हणायचेच. पण निबंधात पहिल्यांदा तरी पूर्ण नाव येऊ द्या.

आणि जे विचारलंच नाहीत ते. भगतसिंग फाशी गेले तेव्हा २३ वर्षांचे होते, आपण सहज "होते" लिहितो. प्रीतिलता मात्र "होती", बंगालच्या गव्हर्नरवर गोळ्या झाडणारी बीना दास "होती", आणि मी स्वतः वर काय लिहिलंय बघा, तेच! आता शिवाजी म्हणा, ज्ञानोबा म्हणा, आपण लाडाने एकेरी बोलतो हे खरं, पण एकाच पानावर मुलगे अहोजाहो आणि मुली अगंतुगं हे बरं दिसत नाही. कोमिल्ल्याच्या मॅजिस्ट्रेटला १९३१ मध्ये गोळ्या घालणाऱ्या शांती घोष आणि सुनीती चौधरी १४-१५ वर्षांच्या होत्या, तिथे एकेरी आलं तर मी समजू शकतो. पण मुलीच्या दहा ओळींत प्रीतिलतांचे नेते सूर्य सेन "होते" असतील तर त्याच ओळीत प्रीतिलता "क्रांतिकारक होत्या".