मुंबईच्या फ्लॅटमध्ये बिनचिमणीची फायरप्लेस घ्यावी का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलुंडला एकोणिसाव्या मजल्यावर नवा फ्लॅट, हॉल १२ बाय १५ फूट. इंटिरियर डिझायनरने टीव्हीच्या भिंतीत बायोइथेनॉलवर (उसाच्या मळीपासून वगैरे बनवलेल्या अल्कोहोलवर) चालणारी फायरप्लेस सुचवली आहे. धूर नाही, वास नाही, चिमणी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. घरात दम्याचा त्रास असलेले सासरे आणि चार वर्षांची मुलगी. मिस्टरांना ती फार आवडली आहे, तुमचं मन घेत नाही.

माझं मत सरळ सांगतो. या घरात खरी ज्वाळा नको. देखावा हवा असेल तर विजेवर चालणारी घ्या. एसी आणि वायुवीजन हेच माझं काम असल्यामुळे अशा भिंतींचे प्लॅन माझ्यासमोर नेहमी येतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी मिस्टरांची बाजू, कारण ती खोटी नाही. ज्वाळेत ओढ असते. पावसाळ्याच्या संध्याकाळी दिवे मंद करून चार माणसं तिच्याभोवती बसली की फोन आपोआप बाजूला पडतात, गप्पा लांबतात. टीव्हीच्या स्क्रीनवर लाकडं जळताना दाखवून ते होत नाही. आपल्या इमारतींमध्ये धुराडं काढायला वावच नसतो. स्लॅबवर स्लॅब, वरती दुसऱ्याचं घर. तेव्हा चिमणीशिवाय चालणारी वस्तू दिसली की माणूस हरखतो, हे अगदी समजण्यासारखं आहे.

आता 'धूर नाही' या वाक्याकडे येऊ. ते डोळ्यांपुरतं खरं आहे. शुद्ध इथेनॉल नीट जळलं तर काजळी जवळजवळ धरत नाही. पण जळलेली वस्तू नाहीशी होत नाही. एक लिटर इथेनॉल जळलं की साधारण दीड किलो कार्बन डायऑक्साइड आणि ९०० ग्रॅमच्या वर पाण्याची वाफ तयार होते. चिमणी असेल तर हे सगळं बाहेर जातं. चिमणी नसेल तर ते तुमच्या हॉलमध्येच राहतं.

तुमच्याच हॉलचा हिशोब करू. उंची साडेनऊ फूट धरली तर हवा सुमारे ४८ घनमीटर. मध्यम आकाराचा बर्नर तासाला ०.३ लिटरच्या आसपास इंधन खातो. खोली पूर्ण बंद असेल तर एका तासात कार्बन डायऑक्साइड पाच हजार पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत पाच हजार भागांपेक्षा) जास्त वाढतो. बाहेरच्या हवेत तो सव्वाचारशेच्या आसपास असतो, आणि हजाराच्या पुढे गेला की खोली कोंदट समजली जाते. खरी खोली इतकी बंद नसते, फटींतून हवा येत-जात राहते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा कमी येईल. पण निम्मा आला तरी डोकं जड होण्याइतका आहे, आणि त्यात बसलेल्या माणसांचा श्वास मी धरलेलाच नाही.

वाफेचंही तेच. २६ अंशांना ही खोली जास्तीत जास्त १.२ किलोच्या आसपास वाफ धरू शकते. त्यात तासाला पाव किलोहून थोडी जास्त भर पडणार. ज्या शहरात कपाटातल्या चामडी चपला पावसाळ्यात बुरशीने पांढऱ्या होतात, तिथे ही वाफ आपण पैसे देऊन घरात आणायची.

आणि उष्णता? तासाला ०.३ लिटर म्हणजे साधारण १.७५ किलोवॅट. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे तुमच्या एसीची अर्धा टन ताकद निव्वळ त्या ज्वाळेशी झुंजण्यात जाईल. सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश नोंदलं गेलं, तेही २२ जानेवारी १९६२ ला. एरवी जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा पंधरा-सोळाच्या आसपास असतो. त्या उबेची मुंबईत गरजच नाही.

मुद्द्याची मेख इथेच आहे. थंड देशात माणूस ऊब हवी म्हणून शेकोटी पेटवतो. आपल्याकडे ती फक्त दिसायला हवी असते, आणि उकडू नये म्हणून आपण खिडक्या लावून एसी सुरू करतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही. आतलीच हवा गार करून परत सोडतो. त्यामुळे बिनचिमणीची फायरप्लेस चालवायला जी परिस्थिती सगळ्यांत वाईट, नेमकी तीच आपण हौसेने तयार करतो. उत्पादकाच्या पुस्तिकेत 'वापरताना खिडकी थोडी उघडी ठेवा' असं लिहिलेलं असतं. मुलुंडच्या रस्त्याचा आवाज, धूळ आणि डास पाहता ती खिडकी किती दिवस उघडी राहील, हे तुम्हीच ठरवा.

यावर नेहमी विचारलं जातं की घरात समई लावतो, उदबत्ती लावतो, गॅसवर स्वयंपाक करतो, ते कसं चालतं? समईची वात तासाला काही ग्रॅम तेल जाळते, हा बर्नर पावशेराच्या आसपास इंधन जाळतो. उदबत्ती दमेकऱ्याला बाधतेच, ती सासऱ्यांच्या खोलीपासून लांबच ठेवा. गॅसच्या शेगडीची तुलना मात्र रास्त आहे. तिचा एक बर्नर साधारण एवढीच उष्णता देतो. पण म्हणूनच तर स्वयंपाकघरात एक्झॉस्ट किंवा चिमणी असते, खिडकी उघडी असते, आणि कुणी दार लावून, एसी लावून त्या शेगडीसमोर तीन तास गप्पा मारत बसत नाही.

सासऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ज्वलन कधीच पुस्तकातल्यासारखं पूर्ण होत नाही. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी इथेनॉलच्या फायरप्लेसवर चाचण्या घेतल्या, २०१४ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. नायट्रोजन डायऑक्साइड, फॉर्मल्डिहाइड, बेंझीन आणि अतिसूक्ष्म कण त्यांना खोलीच्या हवेत मोजता आले, आणि काही वेळा ते मार्गदर्शक मर्यादेपलीकडे गेले. नायट्रोजन डायऑक्साइड दम्याला थेट डिवचतो. इथेनॉल उसाच्या मळीपासून बनलेलं असलं म्हणून ज्वाळेतून निघणारा वायू सौम्य होत नाही. मुंबईची हिवाळ्यातली हवा अलीकडे कशी असते ते आपण पाहतोच. निदान घरातली तरी बरी ठेवू या.

इथवर हवेचं झालं. पण मला खरी भीती वाटते ती इंधन पुन्हा भरण्याची, आणि घरात लहान मूल आहे म्हणून हे दोनदा वाचा.

इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट १३ ते १७ अंशांच्या दरम्यान असतो. म्हणजे त्या तापमानालाच त्याची इतकी वाफ सुटते की ठिणगी मिळाली की ती पेट घेते. मुंबईत खोलीचं तापमान जवळजवळ कायम याच्या वर. बाटली उघडली की पेटू शकणारी वाफ हजर. त्यात इथेनॉलची ज्वाळा फिकट निळी. संपत आली की उजेडात दिसतही नाही. विझली असं समजून कुणी बाटलीतून ओतायला जातं, तळाशी उरलेली ज्योत वाफेला भिडते, आग धारेवरून बाटलीत शिरते आणि बाटलीतलं जळतं इंधन झोतासारखं समोर फेकलं जातं. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. समोर बसलेला माणूस भाजतो, ओतणाऱ्यापेक्षाही जास्त.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०११ मध्ये अशाच अपघातांनंतर ओतायचं जेल इंधन बाजारातून परत घ्यायला लावलं, त्यात नऊ कंपन्या होत्या. त्याच आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये टेबलावर ठेवायच्या अल्कोहोलच्या फायर पिटबद्दल पुन्हा इशारा दिला: २०१९ पासून दोन मृत्यू आणि साठच्या आसपास जखमी. ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये सक्तीचं मानकच आणलं. सुटं उपकरण किमान ८ किलो वजनाचं आणि तळाशी किमान ९०० चौरस सेंटिमीटरचं हवं आणि इंधनाच्या डब्याला ज्वाळा आत शिरू न देणारी जाळी हवी, किंवा मग इंधन पंपाने आपोआप भरलं जायला हवं. आपल्याकडे ऑनलाइन मिळणारे छोटे टेबलटॉप बर्नर या कसोटीला टिकणार नाहीत. तुमच्या डिझायनरने ते सुचवलेले नाहीत, पण वाढदिवसाला कुणी भेट दिला तरी वापरू नका.

इंधन कुठून आणणार, हाही प्रश्न आहेच. स्वस्तात मिळतं म्हणून कुणी बिनलेबलचा स्पिरिटचा कॅन आणून देतं. त्यात मिथेनॉल असू शकतं. २०१५ साली मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती या मिथेनॉलमुळेच. त्याची वाफही विषारी आणि ज्वाळा तर इथेनॉलहून अदृश्य. शिवाय पाच लिटरचा कॅन फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? सिंकखाली, गॅसच्या पाइपाशेजारी? गॅलरीत, दुपारच्या उन्हात? मला तरी फ्लॅटमध्ये त्यासाठी योग्य जागा सापडलेली नाही.

बसवायची भिंतसुद्धा बघा. टीव्ही युनिट म्हणजे प्लाय, लॅमिनेट, मागे वायरी, बाजूला पडदे. ज्वाळेची उष्णता वर जाते, म्हणजे थेट टीव्हीकडे आणि फॉल्स सीलिंगकडे. लोअर परळच्या एका शोरूममध्ये मी असा सेट पाहिला. मांडणी देखणी होती, पण वरच्या पॅनेलला हात लावला तेव्हा ते चांगलंच तापलेलं होतं.

गॅसवर चालणाऱ्या बिनचिमणीच्या फायरप्लेसबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. अमेरिकेत त्या पुष्कळ घरांत आहेत, पण कॅलिफोर्नियात घरांमध्ये त्यांना बंदी आहे आणि कॅनडातही त्यांना मान्यता नाही. त्यांच्यात प्राणवायू कमी झाला की गॅस बंद करणारा सेन्सर असतो. युक्ती साधी आहे: प्राणवायू घटला की कायम पेटती राहणारी छोटी पायलट ज्योत थर्मोकपलपासून, म्हणजे उष्णता ओळखणाऱ्या तुकड्यापासून, दूर सरकते, तो गार पडतो, व्हॉल्व्ह बंद होतो. पण हे घडतं प्राणवायू २०.९ वरून १८ टक्क्यांच्या आसपास आल्यावर. तोवर खोलीत कार्बन डायऑक्साइड दीड टक्क्याच्या घरात पोहोचलेला असतो. आणि हा सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरमध्ये धूळ बसली, नकली ओंडका जागचा हलला, की प्राणवायू पुरेसा असतानाही मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने माणसं कशी गेली, हे मुंबईकरांनी वर्तमानपत्रात अनेकदा वाचलंय. कारण हेच. शिवाय पाइप गॅसच्या लाइनमधून स्थानिक प्लंबरकडून फाटा काढून घेणं हा विषयच नको. त्या लाइनला हात लावायचा तो गॅस कंपनीच्या अधिकृत माणसानेच.

मग घ्यायचं काय? विजेवरची एलईडी फायरप्लेस. चांगल्या मॉडेलमध्ये ज्वाळेला खोलपणा येतो, ओंडके आतून धगधगल्यासारखे दिसतात. बऱ्याचशांत दीड-दोन किलोवॅटचा हीटर असतो. तुम्ही हीटर नसलेलं मॉडेल घ्या, किंवा निदान त्याचं बटण वेगळं असलेलं घ्या. हीटर असेल तर १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्डावर अजिबात नको. दुसरा प्रकार पाण्याच्या धुक्यावर रंगीत प्रकाश टाकणारा. तो फार खरा दिसतो, हात घातला तरी भाजत नाही. पण टाकीतलं पाणी बदलणं, टाकी घासणं हे नियमाने व्हायला हवं, आणि तो पावसाळ्यात दमटपणा वाढवतो. सासऱ्यांचा दमा धरता मी साधी एलईडीवालीच निवडेन. मिस्टरांना आधी दुकानात दिवे मंद करून दाखवायला सांगा. भर उजेडात ती फिकी वाटते आणि तिथेच मन उडतं.

आणि खरी आग हवीच असेल तर ती उघड्यावर. लोणावळ्याला बंगला भाड्याने घ्या, अंगणात लाकडांची शेकोटी पेटवा, मुलीला हात धरून लांबून दाखवा. तिथे थंडी वाजली म्हणून कोळशाची शेगडी खोलीत नेऊन दार लावून झोपू नका, एवढं मात्र लक्षात ठेवा. महाबळेश्वरच्या एखाद्या जुन्या बंगल्यात दगडी फायरप्लेस असेल तर धुराडं साफ आहे का, घरट्याने बुजलंय का, हे रखवालदाराला विचारूनच पेटवायला सांगा.

ज्यांनी इथेनॉलची आधीच बसवली आहे, त्यांच्यासाठी थोडं. पेटलेल्या किंवा गरम बर्नरमध्ये इंधन कधीही ओतू नका. झाकण टाकून विझवा आणि बर्नर पूर्ण गार होऊ द्या. त्या रात्री पुन्हा पेटवलीच नाही तर उत्तम. खिडकी उघडी ठेवा, एसी बंद. ओढणी, पदर, मुलं यांना लांब ठेवा. ड्राय पावडरचं अग्निशामक हाताशी असू द्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा घ्या, धुराचा डिटेक्टर ते काम करत नाही. कुणी भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका, आणि लगेच हॉस्पिटल गाठा. गंभीर भाजलेल्यांसाठी ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटर आहे, तुम्हाला मुलुंडहून ते जवळ पडेल. अग्निशमन दलाचा नंबर १०१.

डिझायनरशी बोलताना वाद घालू नका. बर्नर तासाला किती लिटर खातो, किमान किती घनमीटर खोली लागते, तो युरोपच्या ईएन १६६४७ या मानकाप्रमाणे तपासलेला आहे का, हे लेखी मागा. सोसायटीची परवानगी कोण आणणार आणि घराच्या विम्यात हे बसतं का, तेही विचारा. उत्तरं आली की इथे टाका, आकडे आपण बसून तपासू. एलईडीचं ठरलं तर भिंतीची रुंदी आणि टीव्हीचा आकार कळवा, कोणतं माप शोभेल ते सांगतो.