दगडी हत्तीला वाचक कसे मिळतील?

संग्रहालयं चालवणारे आणि मराठीतून विज्ञान लिहिणारे यांच्याकडून आलेले काही प्रश्न या वेळी घेतो आहे. बहुतेकांचं दुखणं एकच आहे : लिहितो भरपूर, वाचतं कोण?

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी छोटं वस्तुसंग्रहालय आहे. दर आठवड्याला एका दालनाची माहिती वेबसाइटवर टाकतो. मेहनत खूप होते, वाचक मात्र येत नाहीत. काय चुकतंय?

दालनच चुकतंय. ‘दालन क्र. 3 : धातूच्या वस्तू’ असं वाचून कुणाचीही उत्सुकता चाळवत नाही. एका वेळी एकच वस्तू घ्या.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातल्या वज्रीचंच बघा. अंघोळीच्या वेळी पाय घासायची ही वस्तू. पितळेची, तळ खरखरीत, आणि वर धरायला मोर किंवा पोपट. टाचेचा मळ काढायच्या वस्तूवर एवढी कारागिरी कुणी आणि कशाला केली असेल? लेख इथून सुरू करा. धातू, उंची, नोंदणी क्रमांक हे सगळं खाली जाऊ द्या, पण गाळू नका. अभ्यासकाला तेच हवं असतं.

आणि शेवटी विचारा, ‘तुमच्या घरी हिला काय म्हणायचे?’ उत्तरं येतात. कुणाच्या आजीकडे वज्री होती, कुणाकडे नुसता खरबरीत दगड. त्यातली खात्रीची उत्तरं गावाच्या नावासह तुमच्या नोंदवहीत उतरवून घ्या. माझ्या मते ही कमाई वाचकसंख्येपेक्षा मोठी आहे.

प्रश्न : मथळा जरा चटकदार केला की आमच्या सल्लागार मंडळातले प्राध्यापक नाराज होतात. उथळपणा वाटतो म्हणे.

प्राध्यापकांना हे दोन मथळे दाखवा. एक : ‘एकाश्म गजशिल्प : एक चिकित्सक आढावा’. दुसरा : ‘राणीच्या बागेशेजारचा हत्ती विलायतेला जाता जाता का राहिला?’

भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला हा दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली ती याच्यावरूनच. 1864 साली इंग्लंडला न्यायचं म्हणून उचलताना तो कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते जोडून त्याला पुन्हा उभं केलं. दुसऱ्या मथळ्यात यातलं काहीही खोटं नाही, शिवाय लोक शोधताना ‘राणीची बाग’ असंच टाइप करतात.

मंडळाने चिडायचं असेल तर ‘बघून थक्क व्हाल’ छापाच्या मथळ्यांवर चिडावं. मथळ्यात जे कबूल केलंय ते पहिल्या दोन परिच्छेदांत देऊन टाकलं की उथळपणाचा आरोप टिकत नाही.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मराठीत विज्ञानलेख लिहिते. लेख चांगले होतात असं सहकारी म्हणतात, पण वाचणारेही तेच!

बाई, तुमचे विषय मी पाहिले : कृष्णविवर, पुंजभौतिकी, डीएनए. विषय उत्तमच, पण आज सकाळी कुणाला त्यांची गरज पडली होती? लोकांच्या तोंडी जेव्हा प्रश्न असतो, तेव्हा तुमच्याकडे उत्तर तयार असायला हवं.

जून 2020 मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं. फोटो घरोघरी पोहोचले, सोबत चमत्काराच्या कथाही पोहोचल्या. उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले सूक्ष्मजीव फोफावले, हे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या तपासणीतून पुढे आलं. पाऊस पडल्यावर तो रंग ओसरला. अशा आठवड्यात साध्या मराठीतल्या सहाशे शब्दांना जो वाचक मिळतो, तो एरवी वर्षभर मिळत नाही. घाई मात्र नको. ‘तपासणी चालू आहे, आतापर्यंत एवढंच कळलंय’ असं लिहिलेलंही लोक आवडीने वाचतात.

लोणार काही सांगून येत नाही, पण शून्य सावलीचा दिवस येतो. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्या प्रत्येक गावावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. तारीख अक्षांशावर ठरते : कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात मेच्या मध्यावर, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. दुसरी खेप पावसाळ्यात, म्हणजे बहुतेकदा ढगात! तुमच्या तालुक्याची तारीख आणि वेळ काढून चार दिवस आधी लेख टाका, स्थानिक वृत्तपत्राच्या वार्ताहरालाही पाठवा. त्यालाही बातमी हवीच असते. शाळेच्या पटांगणात पाण्याचा पाइप उभा करून मुलांनी काढलेले फोटो दुसऱ्या दिवशी जोडा.

प्रश्न : आम्ही माहितीची सुंदर चित्रं बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. ती फिरतात, पण वेबसाइटवर कुणी येत नाही.

चित्रात कोंबलेला मजकूर शोधात सहसा सापडत नाही, आणि अंध वाचकाचं स्क्रीन रीडरही तिथे अडतं. चित्र पाठवा, पण त्यात एकच गोष्ट अर्धी सांगा आणि खाली लिंक द्या. पूर्ण मजकूर पानावर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता आणि शोधता येणाऱ्या अक्षरांत हवा. जुनी माहितीपत्रकं श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर ती फॉन्ट कन्व्हर्टरमधून काढा आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात.

प्रश्न : वस्तूंचे फोटो विकिपीडियाला द्यावेत का? लोक फुकट वापरतील अशी भीती वाटते.

वापरतील, आणि त्यासाठीच द्यायचे. मुक्त परवान्यात व्यापारी वापरही येतो आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही, हे विश्वस्तांना आधीच स्पष्ट सांगा. सगळा संग्रह देऊ नका. आधी दहा-बारा चांगले फोटो द्या, श्रेय संग्रहालयाच्या नावे मागा, आणि फोटोग्राफरची लेखी परवानगी फाइलला लावा. मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे, तरी आपल्या घरगुती वस्तूंवरच्या लेखांना अजून चांगल्या चित्रांची गरज आहे. स्वतःच्या संस्थेवरचा लेख मात्र स्वतः लिहू नका. विकिपीडियावर लेखाबद्दल बोलायला चर्चापान असतं, तिथे संदर्भ ठेवा, लिहिणारे लिहितील.

प्रश्न : रील करावेत का?

करणारा उत्साही असेल तर जरूर. शिपायाला नाचायला लावू नका. अडकित्त्याने सुपारी कशी कातरली जाते ते वीस सेकंद जवळून दाखवलं तरी भागतं. फक्त त्यासाठी संग्रहातला अडकित्ता काढू नका, बाजारातला आणा.