तिशी ओलांडल्यावर इलेक्ट्रॉनिक संगीत भिडेनासं झालंय. ऐकण्यासारखं आता कुठं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की विशीत ट्रान्स (वेगवान ठोक्यावर हळूहळू चढत जाणारं इलेक्ट्रॉनिक संगीत) ऐकत रात्री जागवल्या, आणि आता ॲप जे काही लावून देतं ते सगळं एकाच साच्यातून काढल्यासारखं वाटतं. शेवटी विचारलंय, आवडच आटली का? माझ्या मते नाही आटली. तुमचा कान आता दुसऱ्या जागी रमायला लागलाय आणि तुम्ही अजून जुन्या जागीच शोधताय. माझं अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वेंगुर्ल्यात माझं ॲम्प्लिफायर-स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी नऊ वर्षं एका साउंडवाल्याकडे कामाला होतो.

२००० च्या सुमाराला आमचा टेम्पो सातार्ड्यावरून गोव्यात जायचा. हरमल, वागातोर, कधी हणजूण. बॉक्स उतरवायचे, केबली ओढायच्या, आणि मग ॲम्प तापतोय का ते बघत पहाटेपर्यंत तिथंच बसायचं. गोवा ट्रान्स मी असा ऐकला, बासच्या डब्याला पाठ टेकून. मिनिटाला १४०-१४५ ठोके, आणि त्यावर एक चिरका, वळवळणारा आवाज हळूहळू चढत जायचा. तो टोकाला पोचला की अंगावर सर्रकन काटा यायचा. पुढची दहाएक वर्षं मी फक्त तो चढ शोधत होतो. ज्यात चढ नाही ते मला अर्धवट वाटायचं.

मग काटा यायचा बंद झाला. आंबोली घाट रोज उतरणाऱ्या एसटी ड्रायव्हरला वळण दिसायच्या आधी हाताला कळतं, तसं चढ कुठं येणार हे मला आधीच कळायला लागलं होतं. नवीन ट्रॅक लावायचो, अर्ध्या मिनिटात पुढे ढकलायचो. तुमचंही सध्या हेच चाललं असेल असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं.

त्यातून बाहेर पडलो ते एका प्रश्नामुळे. मी नवीन काही शोधायचं थांबवलं आणि मनात एवढंच धरलं की तो चिरका आवाज मुळात येतो कुठून?

तो येतो रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ नावाच्या एका छोट्या यंत्रातून. १९८१ मध्ये ते बाजारात आलं, एकट्या गिटारवाल्याला साथीला बास मिळावा म्हणून. पण ते खऱ्या बास गिटारसारखं वाजेना. खपलं नाही, आणि १९८४ मध्ये ते बनवणंच बंद झालं. मग जुन्या सामानात स्वस्तात मिळायला लागलं आणि शिकागोतल्या पोरांच्या हाती लागलं. फ्यूचर नावाच्या त्रिकुटाने ते चालू ठेवून त्याचे फिल्टरचे नॉब नुसते फिरवत राहायचं ठरवलं. त्यातून १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' निघालं आणि ॲसिड हाउस नावाचा नाचायच्या संगीताचा सगळा प्रकार उभा राहिला. वागातोरला मी ऐकलेला आवाज त्याच घराण्यातला.

आणि या धाग्याचं एक टोक आपल्या मुंबईत सापडलं तेव्हा मी दुकानात एकटाच उठून उभा राहिलो होतो. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे वादक. १९८२ मध्ये त्यांनी हेच ३०३, टीआर-८०८ ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ सिंथ (विजेवर सूर तयार करणारा कीबोर्ड) घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती फारशी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा बाजारात आली आणि जगभरचे लोक चक्रावले, कारण शिकागोच्या पाच वर्षं आधीचं हे काम ऐकायला थेट ॲसिड हाउससारखं आहे. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. मींड ओळखणाऱ्या माणसाला ती सोय लगेच दिसणार, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

ही रेकॉर्ड दुकानात लावली होती तेव्हा आमच्याकडचे एक भजनी बुवा ॲम्प दुरुस्तीला घेऊन आले होते. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यांत, आयुष्य गेलेला माणूस. पहिलाच राग चालू होता. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मान थोडी वाकडी केली आणि म्हणाले, "ह्यो भैरव मा रे?" मग अर्धा तास स्टुलावर बसून राहिले. ॲम्पचं काय झालं ते विचारलंसुद्धा नाही.

दुसरा धागा मला जास्त दूर घेऊन गेला. बर्लिनमध्ये मॉरित्झ फॉन ओस्वाल्ड आणि मार्क एर्नेस्टुस या दोघांनी १९९३ मध्ये बेसिक चॅनल नावाने रेकॉर्ड काढायला सुरुवात केली. खाली ठोका, वर एकच कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर, त्या कॉर्डवर एको, त्या एकोवर फिल्टर. चढ नाही, उतार नाही. घरी पहिल्यांदा लावलं तेव्हा आईने मागच्या पडवीतून हाक मारली, "पंप चालू रवलो काय रे?" मलाही तसंच वाटलं होतं. तरी मी ते सोडलं नाही, कारण त्या एकोच्या मुळाशी जमैकाचं डब आहे, आणि डबच्या मुळाशी किंग टबी. किंग्स्टनमधला हा माणूस रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा. सत्तरच्या दशकात त्याने दुसऱ्यांच्या गाण्यातला गायकाचा आवाज काढून टाकला, बास आणि ड्रम ठेवले, आणि मिक्सरवर बसून मधेच एखादा शब्द, एखादी गिटारची छेड एकोत सोडली. मिक्सर हेच त्याचं वाद्य. हातात सोल्डरिंग गन घेऊन बसणाऱ्या मला हे वाचून काय वाटलं असेल ते शब्दांत नाही सांगता येणार.

त्यानंतर ऐकणं बदललं. आता मी काही घडायची वाट बघत नाही. एको विरताना त्याला कडेने कशी खरखर येते, ठोक्याच्या मागे बास केसभर उशिरा येतो का, यावर लक्ष असतं. खरं तर हे कान आपल्याकडे होतेच. शिमग्यात पालखी नाचवताना ढोल तासभर एकच चाल धरतो. चाल तीच, पण काठी कडेवर पडते की मध्ये, एवढ्यावर अख्खी वाडी हलते.

आता शोधायचं कसं. ॲप तुम्ही जे शेवटपर्यंत ऐकता त्याच्या आसपासचंच पुढे करतं, त्यामुळे महिनाभर त्याची शिफारस बंद ठेवा. त्याऐवजी तुम्हाला आजही आवडणारा एक ट्रॅक घ्या आणि डिस्कॉग्ज नावाच्या वेबसाइटवर तो बघा. रेकॉर्डांची ही नोंदवही २००० मध्ये इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसाठीच सुरू झाली होती, म्हणून या बाबतीत ती फार भरलेली आहे. कोणत्या लेबलने (रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीने) काढला, त्या लेबलवर आधी काय निघालं, त्याच कलाकाराची दुसरी नावं कोणती, हे सगळं मिळतं. मग बँडकँपवर जा, ही कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायची वेबसाइट. तिथं प्रत्येक अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात. एकावर बोट ठेवलं की त्या माणसाचा अख्खा संग्रह उघडतो. माझ्या आवडीचं, सहसा कुणी न ऐकणारं काही ज्याने पैसे देऊन घेतलंय, त्याच्या कपाटात आणखी काय आहे ते मी बघतो. मला सगळ्यात जास्त मिळालंय ते असं, अनोळखी माणसांच्या कपाटातून.

एक कळकळीची विनंती: मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून काहीही नाकारू नका. मघाच्या ८०८ ड्रम मशीनच्या ढोलाचा गाभा ५० हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मोबाइलचा स्पीकर २०० च्या खाली जवळजवळ मुका. म्हणजे तुम्ही अर्धं संगीत न ऐकताच निकाल देताय. महागडं काही नको. चांगला हेडफोन किंवा जुना आठ इंची बासवाला डेकसुद्धा चालेल; स्पीकरच्या कडेचा फोम सडला असेल तर बदलून घ्या, कमी पैशात काम होतं.

आणि निकाल पहिल्या ऐकण्यात देऊ नका, तीनदा ऐका. पण इथं एक गोम आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. म्हणून मी तीनदा ऐकून पंधरा दिवस बाजूला ठेवतो आणि मग चौथ्यांदा लावतो. तेव्हा आधी न ऐकलेलं काही कानात आलं तर ठेवतो, नाहीतर सोडतो. पुष्कळ सोडलंय, नावाजलेलंही.

ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराचा 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' (१९७८) हा अल्बम असाच चौथ्यांदा पोचला. त्यातल्या एका तुकड्यात आवाजाच्या टेपची वेगवेगळ्या लांबीची वेटोळी फिरतात. एक साधारण साडेतेवीस सेकंदांचं, एक सव्विसाच्या आतलं, एक तिसाच्या आतलं. लांब्या जुळत नाहीत, म्हणून सूर दर वेळी नव्या रीतीने एकमेकांजवळ येतात. हे मला कळलं ते बंदरावर. भरतीला दोन होड्या धक्क्याला बांधलेल्या होत्या, प्रत्येकीचा दोर वेगळ्या लांबीचा. एकीचा ठोका, मग दुसरीचा, मग कधीतरी दोन्ही अगदी लागोपाठ. मी घरी येऊन रेकॉर्ड पुन्हा लावली.

सुरुवातीला तुम्हाला बेसिक चॅनलचं 'क्वाड्रंट डब' सुचवेन. दिवे मालवून, मध्ये न थांबवता. आणि तुमच्या विशीतले, आजही आठवणारे तीन ट्रॅक खाली लिहा. त्यांतून कुठला धागा निघतो ते मी दुकान बंद केल्यावर बघून सांगतो.