सातवीच्या वर्गात चालू घडामोडी: अ‍ॅप कोणतं घ्यावं?

मॅडम, बीड जिल्ह्यातली जि.प. शाळा, सातवीचा वर्ग, एक स्मार्ट टीव्ही, तुमचा स्वतःचा फोन आणि लाइटीचा भरवसा नाही. अशात चालू घडामोडींसाठी कोणतं अ‍ॅप घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते नवं काहीच घेऊ नका. असल्या अ‍ॅपवर बातम्यांचा ढीग आणि खाली प्रश्नमंजूषा. पोरं उत्तरं पाठ करतात, बातमी कळत नाही ती नाहीच. आठवड्याला एकच बातमी धरा आणि तिच्यातला आकडा कुठून आला, ते पोरांसमोर टीव्हीवर शोधा.

जायकवाडी धरणाचंच घ्या. पावसाळ्यात ‘नाथसागर (म्हणजे जायकवाडीचा जलाशय) इतके टक्के भरला’ हे परिपाठात कुणीतरी वाचतंच. तिथंच विचारा, टक्के कशाचे? धरणाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर, पण टक्के काढतात ते २,१७१ च्या उपयुक्त साठ्यावर. उरलेला ७३८ हा मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी न सोडता येणारं पाणी. म्हणजे बातमीत ‘शून्य टक्के’ आलं तरी धरणात पाणी असतंच, आणि टंचाईत पिण्यासाठी तेच उपसावं लागतं. हे कळलं की पोरं पुढच्या प्रत्येक टक्क्याला अडवतात, आपल्यालासुद्धा. जलसंपदा विभागाचा धरणसाठ्याचा तक्ता फोनवर उघडा, रोज एकाने आकडा वहीत उतरवायचा, महिनाअखेर आलेख. गूगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रह चित्रंही दिसतात. पाणी कुठवर मागं हटलं होतं ते बघता येतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते या पोरांना आठवत नसणार. त्याबद्दल घरी विचारून यायला सांगा.

सोयाबीनचंही असंच. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्याशेजारी अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावाच्या सरकारी संकेतस्थळावरचा आपल्या मोंढ्याचा, म्हणजे बाजार समितीचा, भाव लावा. फरक का पडतो, हे वर्गातलीच दोन-चार पोरं सांगतील. ओलावा, आडत, सगळं त्यांना ठाऊक असतं. इथं आपण गप्प बसलेलं बरं.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंसाठी गूगल लेन्स पुरे, तोच फोटो आधी कुठं आला होता ते त्यात शोधता येतं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीसारखं काही घडलं की दुसरीकडचे, जुने फोटो आपल्या गावाच्या नावानं फिरू लागतात. मात्र लेन्सवर काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं नाही. हे आवर्जून सांगा. पीआयबी फॅक्ट चेक ही केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाची पडताळणी केंद्र सरकारशी संबंधित दाव्यांपुरतीच आहे, गावातल्या अफवेला तिचा उपयोग नाही. आणि पुराच्या बातमीवर ‘तुमचं किती गेलं?’ हे वर्गात कुणालाच विचारू नका. ज्याचं गेलंय तो खाली मान घालून बसतो.

आरक्षणाचा विषय निघेलच, दाबू नका. फळ्यावर दोन रकाने करा, ‘काय घडलं’ आणि ‘कोण काय म्हणालं’. शासन निर्णय निघाला असेल तर शासनाच्या संकेतस्थळावरून उतरवून टीव्हीवर लावा. बहुतेक वाद दुसऱ्या रकान्यातले निघतात.

लाइटीचं म्हणाल तर तक्ते, फोटो आदल्या रात्री घरीच फोनमध्ये साठवून ठेवा. टीव्ही बंद पडला तर फोन बाकाबाकावर फिरवा. पालकांच्या ग्रुपवर मात्र रोज लिंका टाकू नका. बहुतेक घरांत एकच फोन, आणि तो दिवसभर बापाबरोबर रानात असतो.