इंटर्नशिपचे चार आठवडे गेले, चार उरलेत

प्रश्न : मी मूळची सांगलीची. पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपवून एका मोठ्या कन्सल्टिंग फर्ममध्ये आठ आठवड्यांची समर इंटर्नशिप करते आहे. प्रोजेक्ट पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या खरेदीखर्चाचा आहे. चार आठवडे मी एक्सेल साफ करते आणि स्लाइड्स जुळवते, बस. मिड-रिव्ह्यूमध्ये मॅनेजर म्हणाले, ‘डेटा ठीक आहे, पण सो व्हॉट दिसत नाही.’ मीटिंगमध्ये इंग्रजीमुळे तोंड उघडत नाही. रोज रात्रीचे अकरा वाजतात. यात मी नक्की शिकते आहे काय? पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतरची थेट नोकरीची ऑफर, मिळेल का, आणि नाही मिळाला तर सीव्हीवर काय लिहू?

उत्तर : तुझ्या पत्रात त्या कारखान्याचं नाव होतं आणि एका पुरवठादाराचा दरही होता. दोन्ही इथे छापलेले नाहीत. पहिल्या दिवशी तू ज्या कागदांवर सह्या केल्यास, त्यात गोपनीयतेचा करार असणार. तो पुन्हा वाच. ग्राहकाचं नाव मैत्रिणींच्या ग्रुपवर किंवा लिंक्डइनवर जात नाही, फाइल स्वतःच्या जीमेलवर जात नाही, आणि दरांची यादी बाहेरच्या एआय टूलमध्ये पेस्ट होत नाही. फर्मने स्वतःचं टूल दिलं असेल तर तेवढंच वापरायचं. ग्राहक कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिच्याबद्दल बाहेर न आलेली माहिती हाताशी असताना तिचे शेअर घेणं-विकणं शेअर बाजाराच्या नियामकाच्या, सेबीच्या, 2015 च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत बसतं. त्याला इंटर्न अपवाद नाही.

ऑडिटही करणाऱ्या फर्ममध्ये, तुझ्याकडे कोणते शेअर आहेत, असा गुंतवणुकीचा एक फॉर्म भरून घेतात. बरीच मुलं तो डोळे मिटून भरतात. हा जाच वाटतो, पण त्यामागे दाभोळच्या वीज प्रकल्पवाली अमेरिकन कंपनी एन्रॉन आहे. ती 2001 मध्ये कोसळली. आदल्या वर्षी तिच्या ऑडिटर फर्मने, आर्थर अँडरसनने, तिच्याकडून ऑडिटचे सुमारे अडीच कोटी डॉलर आणि सल्ल्याचे सुमारे 2 कोटी 70 लाख डॉलर घेतले होते. ज्याचे हिशेब तपासायचे, त्याच्याशी दुसरे पैशाचे संबंध किती असावेत, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. तुझ्या डीमॅटमधले चार शेअर त्याच प्रश्नाचा छोटा भाग आहेत. ते खरे लिही.

आता तुझा मुख्य प्रश्न. ‘फक्त एक्सेल’ म्हणतेस, पण तुझ्या फाइलमधला आकडा कन्सल्टंटकडे जातो, तिथून मॅनेजरकडे, मग पार्टनरकडे आणि शेवटी ग्राहकाच्या सीएफओच्या, म्हणजे वित्तप्रमुखाच्या, टेबलावर. तिथे तो चुकीचा निघाला तर पुढच्या तीस स्लाइड्स कोणी वाचत नाही. म्हणून इंटर्नची पारख आधी हुशारीवर होत नाही. हिच्या आकड्यावर न तपासता विसंबता येतं का, यावर होते. मॅनेजर ‘डेटा ठीक आहे’ म्हणाले, ही अर्धी लढाई आहे. ती खरंच जिंकली आहेस का, ते आधी पाहू.

खरेदीच्या डेटात इंटर्न अडकतात त्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली तारखांची. सिस्टिममधून आलेली 03/04/2024 ही तारीख, म्हणजे 3 एप्रिल, लॅपटॉपवर अमेरिकन सेटिंग असेल तर गुपचूप 4 मार्च होते. 25/04/2024 मात्र टेक्स्ट म्हणून तशीच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. परिणाम असा, की 3 एप्रिलची खरेदी आदल्या आर्थिक वर्षात जाऊन बसते आणि एकही एरर दिसत नाही. दुसरी जागा कोडची. सॅप या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या वेंडर (पुरवठादार) कोडच्या सुरुवातीची शून्यं एक्सेल खाऊन टाकतं, आणि पंधरा अंकांपुढचे अंक शून्य करतं. फाइल थेट डबल-क्लिक करून उघडू नकोस. एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या डेटा आणायच्या सोयीतून आण आणि कोडचे कॉलम टेक्स्ट ठेव. तिसरी जागा व्हीलुकअपची, म्हणजे दुसऱ्या यादीतून किंमत शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याची. शेवटचा ‘फॉल्स’ लिहायचा राहिला तर तो जवळपासची किंमत उचलतो. एरर आली तर निदान कळतं. इथे साळसूद चेहऱ्याचा चुकीचा आकडा येतो.

पुरवठादारांची नावं हा सगळ्यात चिवट भाग. ‘श्री गणेश एंटरप्रायझेस’, ‘श्रीगणेश एन्टर.’ आणि ‘एस. जी. एंटरप्रायझेस’ हे तिघे एकच असू शकतात. नावं डोळ्यांनी जुळवत बसलीस तर दोन दिवस जातील आणि तरी चुका राहतील. जीएसटी क्रमांक वापर. त्यात पंधरा अक्षरं असतात. पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र 27, गोवा 30) आणि तिसऱ्यापासून पुढची दहा म्हणजे पॅन. मिड फॉर्म्युल्याने ती दहा काढ आणि पॅनवर पिव्हट कर, म्हणजे एकेका पॅनच्या रकमांची बेरीज लाव. एकाच कंपनीच्या पुणे, अहमदाबाद आणि बंगळुरूच्या शाखा एका ओळीत येतील.

पण इथेच न थांबणारी इंटर्न मॅनेजरला आवडते. आयातीला आणि नोंदणी नसलेल्या छोट्या दुकानांना जीएसटी क्रमांक नसतो, त्यांची वेगळी यादी ठेवावी लागते. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, पी असेल तर ती व्यक्ती असते. म्हणजे एका मालकाची दोन वेगळ्या धंद्यांची दुकानंही एकत्र झाली असतील. उलट एकाच समूहाच्या दोन कंपन्यांचे पॅन वेगळे असतात. त्या परस्पर एकत्र करू नकोस, खूण करून विचार.

रकमेच्या कॉलमला तीन प्रश्न विचार. ही रक्कम पर्चेस ऑर्डरची आहे की प्रत्यक्ष बिलाची? ऑर्डर दिली म्हणून माल आलाच असं नसतं. जीएसटी धरून आहे की वगळून? एका पुरवठादाराचा दर 18 टक्क्यांसकट आणि दुसऱ्याचा त्याविना असेल, तर तुला ‘बचत’ सापडेल ती कराचीच. आणि एकक कोणतं, लाख, कोटी की मिलियन? एक कोटी म्हणजे दहा मिलियन. ही गफलत अनुभवी लोकही करतात, फक्त सांगत नाहीत.

हे सगळं झाल्यावर फाइलच्या पहिल्या शीटवर जुळवणी लिही. समज, आलेल्या ओळी 46,212 आणि रक्कम 118.4 कोटी. दुबार नोंदी 1,105, रक्कम 2.1 कोटी, काढल्या. समूहांतर्गत व्यवहार 642, रक्कम 3.8 कोटी, काढले. उरल्या 44,465 ओळी आणि 112.5 कोटी. ही शेवटची रक्कम ग्राहकाच्या लेजरमधल्या (हिशेबाच्या खातेवहीतल्या) खरेदीशी ताडून बघ आणि फरक असेल तर त्याचं कारण एका ओळीत लिही. हे एक शीट मॅनेजरचा अर्धा तास वाचवतं. आणि बहुतेक इंटर्न ते करत नाहीत.

आता ‘सो व्हॉट’. याचा साधा अर्थ ‘मग काय करू?’ तुझ्या स्लाइडचं शीर्षक ‘पुरवठादारनिहाय पॅकेजिंग खरेदी’ असं असेल, तर तो विषय झाला, म्हणणं नाही झालं. शीर्षक असं हवं : ‘पॅकेजिंगची 9.6 कोटींची खरेदी 14 पुरवठादारांकडे विखुरली आहे. एकाच मापाच्या खोक्याच्या दरात 11 टक्क्यांपर्यंत फरक आहे.’ (आकडे उदाहरणादाखल.) वाचणाऱ्याने खालचा चार्ट पाहिला नाही तरी मुद्दा पोचला पाहिजे. चार्टचं काम शीर्षक खरं आहे हे दाखवणं. त्यात न बसणारं जे काही आहे, ते कितीही कष्टाने केलेलं असो, मागच्या परिशिष्टात जातं.

इथपर्यंत पोचून बरेच जण एक उडी मारतात आणि पडतात : ‘9.6 कोटींचे 11 टक्के म्हणजे एक कोटी पाच लाख वाचतील.’ नाही वाचत. बचत एकेका वस्तूची काढायची : दिलेला दर वजा सगळ्यात कमी दर, गुणिले नग. मग बेरीज. आणि त्याआधी, दरातला फरक रास्त तर नाही ना, ते तपासायचं. खोकं तीन पदरी आहे की पाच पदरी? दरात वाहतूक धरली आहे का? एकाला पैसे आगाऊ मिळतात आणि दुसऱ्याला पंचेचाळीस दिवसांनी, असं आहे का? कमी दरवाला एवढा माल पुरवू तरी शकतो का? या चाळणीतून 9.6 कोटींपैकी कदाचित चारच कोटींची खरेदी तुलना करण्याजोगी उरेल. आकडा लहान होईल, पण ग्राहकाच्या खरेदी विभागाला तो खोडता येणार नाही.

इंटर्नच्या डेकमध्ये, म्हणजे स्लाइड्सच्या संचात, हमखास दिसणारी आणखी एक शिफारस म्हणजे ‘सर्व पुरवठादारांकडून 90 दिवसांची उधारी घ्यावी’. तुझे पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असतील, तर 2006 चा एमएसएमई कायदा आडवा येतो. लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उद्यम नोंदणीचा (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) कॉलम डेटात नसेल तर मागून घे.

दरांतल्या फरकाची कारणं सीएफओच्या केबिनमध्ये मिळत नाहीत, कारखान्याच्या स्टोअर्समध्ये मिळतात. आणि तुझ्या इंग्रजीच्या भीतीचं काय करायचं, तेही तिथेच ठरतं. पुण्याजवळच्या कारखान्यात स्टोअर्सचे साहेब, गेटवरचे कारकून, डिस्पॅचवाले यांच्याशी सांगलीच्या मुलीने मराठीत दहा मिनिटं बोललं, की ‘ते पाच पदरी खोकं एक्सपोर्टसाठी लागतं हो, म्हणून महाग’ हे कळतं. डेटात ते कुठेही लिहिलेलं नसतं. जाण्याआधी मॅनेजरची परवानगी घे, प्रश्न लिहून ने, आणि परतल्यावर त्याच दिवशी अर्ध्या पानाची टिपणं पाठव. मग मीटिंगमध्ये तुझ्याकडे असं एक वाक्य असेल जे दुसऱ्या कोणाकडे नाही. ते आदल्या रात्री इंग्रजीत लिहून तीनदा मोठ्याने म्हण. एका मीटिंगला एक वाक्य, एवढंच लक्ष्य ठेव. अस्खलित बोलण्याची अपेक्षा इंटर्नकडून कोणी करत नाही. आकडा विचारला की तो माहीत असावा, एवढी मात्र असते.

उरलेल्या चार आठवड्यांत मॅनेजरकडून शिकायची एक सवय लाव. तू दिलेली स्लाइड आणि त्यांनी पुढे पाठवलेली स्लाइड शेजारी-शेजारी उघड. काय बदललं? शीर्षक, आकड्यांचा क्रम, काढून टाकलेला कॉलम? दहा स्लाइड्स अशा पाहिल्यास, की त्यांच्या डोळ्यांनी बघायला लागशील. आणि फीडबॅक मागताना ‘माझं काम कसं वाटतं?’ विचारू नकोस, उत्तर ‘छान’ असंच येतं. ‘मागच्या डेकमधली माझी कोणती स्लाइड तुम्हाला पुन्हा करावी लागली?’ असं विचार.

नवं काम घेताना हे कोण वाचणार, एक स्लाइड की दहा, आणि कधीपर्यंत, हे तिथल्या तिथे विचारून घे. मग अर्ध्या तासात कागदावर रिकाम्या स्लाइड्सचा आराखडा काढून दाखव : फक्त शीर्षकं, आणि चार्टच्या जागी चौकोन. यालाच ते लोक घोस्ट डेक म्हणतात. चुकीच्या दिशेने घातलेले सहा तास इथे वाचतात. तुझे रात्रीचे अकरा वाजण्याचं एक कारण बहुधा हेच असावं. दुसरं कारण, मॅनेजरचे शेरे संध्याकाळी सातला येतात. ते तुझ्या हातात नाही. उशीर होणारच असेल तर फर्मची कॅब माग. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्यांकडून काम घ्यायचं तर त्यांची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. मागायला संकोचण्यासारखं त्यात काही नाही.

पाठवलेल्या फाइलमध्ये चूक सापडली तर लगेच कळव, तीन ओळींत : काय चुकलं, कोणत्या स्लाइड्सवर परिणाम होतो, दुरुस्त फाइल सोबत जोडली आहे. दुसऱ्याने शोधेपर्यंत थांबलीस तर आधीचे चार आठवडेही संशयात जातात.

पीपीओबद्दल : तो तुझ्या कामावर जितका ठरतो, तितकाच त्या वर्षी त्या टीममध्ये किती जागा आहेत यावर ठरतो. सहाव्या आठवड्यात एचआरला निर्णय कधी कळेल ते विचार, आणि थेट ऑफर मिळते की पीपीआय, म्हणजे फक्त मुलाखतीची संधी, तेही विचार. बऱ्याच कॉलेजांत पीपीओ स्वीकारला की कॅम्पस प्लेसमेंटमधून नाव कमी होतं. तुमच्या टीपीओंकडून, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडून, नियम लेखी घे. निकालाची वाट पाहत कॅम्पसची तयारी मात्र थांबवू नकोस. स्टायपेंडमधून टीडीएस कापला असेल आणि वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल, तर आयकर विवरणपत्र भर. पैसे परत मिळतात.

सीव्हीवर ‘नामांकित ग्राहकासाठी खरेदी प्रकल्पात सहभाग’ हे वाक्य काहीच सांगत नाही. असं लिही : ‘एका उत्पादन कंपनीच्या दोन वर्षांच्या, 40 हजारांहून अधिक खरेदी-नोंदी स्वच्छ करून लेजरशी जुळवल्या, पॅनच्या आधारे पुरवठादार एकत्र केले, पॅकेजिंगमधील दरतफावत वस्तुनिहाय मोजली.’ कोणते आकडे वापरता येतील ते मॅनेजरला विचारून घे.

फाइल दाखवता येणार नाही, म्हणून मुलाखतीसाठी तेच कसब खुल्या डेटावर करून ठेव. सांगलीची आहेस, तर हळद घे. अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक आणि क्विंटलचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर मिळतो. सांगली आणि निजामाबादचा तीन वर्षांचा डेटा उतरव. जाती आणि प्रतींच्या नोंदी सारख्या नसतील, काही दिवस रिकामे असतील, एखादा दर दहापट छापलेला असेल. साफसफाईची जुळवणी पहिल्या शीटवर ठेव, आणि मग एकच स्लाइड कर. तिचं शीर्षक लिहून मला पाठव. चार्ट नंतर पाहू.