रूममेट असून एकटी?

प्रश्न : आम्ही होस्टेलला होतो तेव्हा चौघी एका खोलीत, रात्र रात्र गप्पा चालायच्या. माझ्या मुलीला एकच रूममेट आहे, तरी दोघी कानात इअरफोन घालून आपापल्या पलंगावर! जेवतानाही तिचा मलाच व्हिडिओ कॉल. हे कसलं होस्टेल?
– एक आई

उत्तर : ताई, माझी सगळी नोकरी मुलींच्या होस्टेलची रेक्टर म्हणून झाली, म्हणून उलट विचारते. त्या गप्पांतल्या नाइलाजाच्या किती होत्या? संध्याकाळी गेटला कुलूप, हजेरी झाली की बाहेर पडायची सोय नाही. मुली दुसरं करणार काय!

फोनचंच बघा. जिन्याखाली एकच काळा फोन आणि त्याच्या डायललाही कुलूप. पण पोरी बहाद्दर. रिसीव्हर ठेवतो तिथलं बटण टकटक दाबून नंबर लावायच्या. तीनला तीनदा, शून्याला दहादा. एक ठोका चुकला की पलीकडे भलताच माणूस. ती टकटक मला ऑफिसात ऐकू यायची, मी रजिस्टरातून मान वर करायची नाही. पण फोन लागला तरी मागे रांग उभी. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरी पैशांची ओढाताण आहे, सगळ्या मजल्याला कळायचं. तुमची लेक दार लावून तुमच्याशी बोलू शकते, हे मला तरी बरं वाटतं.

गेटची कुलपं जगभर होती, आणि मुलींना जास्त. अमेरिकेत १९६१ च्या डिक्सन खटल्यात कोर्टाने सांगितलं, सरकारी कॉलेजला विद्यार्थ्याचं म्हणणं न ऐकता त्याला काढता येणार नाही. कॉलेज म्हणजे आईबाप, म्हणून कुलूप लावायचा हक्क त्यांचा, ही समजूत तिथून ढिली होत गेली. तरी १९७० मध्ये ओबर्लिन कॉलेजातली मुलंमुली एकाच इमारतीत राहतात, ही ‘लाइफ’ मासिकाची मुखपृष्ठकथा होती!

पुढे खोल्यांत इंटरनेट आलं, अभ्यासासाठी म्हणे. १९९९ मध्ये एकमेकांची गाणी फुकट उतरवून घ्यायचं नॅप्स्टर निघालं आणि पोरांनी गाणी उतरवून कॉलेजांची नेटवर्कं पार तुंबवली. फेसबुक तर २००४ मध्ये होस्टेलच्या खोलीतूनच सुरू झालं. आता मुली रूममेटचे सगळे फोटो आधीच बघून येतात. मग पहिल्या दिवशी विचारायला उरतं काय?

तुमच्या तक्रारीत तथ्य आहेच. एरवी जिच्याशी कधी बोललो नसतो, तिच्याशी फोनच्या नाहीतर बाथरूमच्या रांगेत ओळख व्हायची. आता खोलीतच बाथरूम, खिशात फोन. तशी गाठ पडायचं निमित्तच राहिलं नाही. म्हणून जेवणाच्या वेळचा कॉल तुम्हीच बंद करा, मेसमध्ये समोर कोण बसलंय ते तिला बघू दे.

‘रूममेटशी बोल’ असं मात्र सांगू नका. दिवा कधी मालवायचा, अलार्म कितीदा वाजू द्यायचा, मैत्रीण आणायची तर आधी सांगायचं का, एवढं दोघींनी ठरवावं. मी नव्या मुलींकडून हे लिहून घ्यायची. अलार्मवरून हमखास भांडणं व्हायची, आणि बऱ्याच जणी पहिल्यांदा मोकळं बोलायच्या त्या भांडणातच. महिना-दोन महिन्यांत नाहीच जमलं, तर तिने रेक्टरकडे खोली बदलून मागावी. त्यात कमीपणा कसला?